दारावरचे नाव

आमच्या बेकरीला पन्नास वर्षे पाटी नव्हती. वसईच्या पश्चिम पट्टीतील एका गावात, रस्त्याच्या वळणावर, कौलारू छपराखाली वडिलांनी भट्टी बांधली आणि त्या भट्टीतून पहाटे सुटणारा वास हीच त्यांची पाटी झाली. परगावचा कोणी पत्ता विचारू लागला तर लोक त्याला सांगत, ‘नाक नेईल तिकडे जा.’ वडिलांना या उत्तराचा मोठा अभिमान होता. जो माल आपली ओळख आपण करून देत नाही, त्याची ओळख अक्षरे तरी काय करून देणार, असा त्यांचा सवाल असे.

जाहिरात म्हणायचीच तर त्यांच्याजवळ एक होती : सायकलची घंटी. मागच्या कॅरिअरवर पावाची पेटी बांधून ते उजाडण्यापूर्वी निघत. दोनदा तुटक आणि एकदा लांब, अशी ती घंटी वाजे. चार गावांतील माणसे अंथरुणातच ती ओळखीत आणि मुले हातात पैसे घेऊन ओटीवर येऊन उभी राहत. मात्र ज्या घरी मयत झालेली असे, त्या घरासमोर ती घंटी वाजत नसे. वडील गल्लीच्या तोंडाशीच उतरत, सायकल हाताने नेत, ओटीवर पावाची पुडी ठेवीत आणि न बोलता पुढे जात. त्या दिवसाचे पैसे वहीत मांडायचे नाहीत, हा त्यांचा नेम होता.

वडील गेले. सायकल अडगळीत गेली. रस्त्याला रस्ते फुटले. जेथे केळीच्या बागा होत्या तेथे इमारती उभ्या राहिल्या आणि त्या इमारतींच्या तळमजल्यांवर काचेची, थंडगार हवेची केकची दुकाने आली. कापलेला पाव प्लॅस्टिकच्या पिशवीतून किराणा दुकानात मिळू लागला. आमची भट्टी विझली नाही, पण तिची धग कमी झाली, हे कबूल केले पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत लग्ने थांबली, सण घरातल्या घरात झाले आणि केकच्या मागण्या जवळजवळ बंदच पडल्या. नवे मिश्रणयंत्र घेण्यासाठी काढलेले कर्ज मात्र थांबले नाही. त्याच वर्षी आमचे धाकटे चिरंजीव आखातातील नोकरी संपवून घरी परतले आणि गल्ल्यावर बसू लागले.

पाटीचा प्रश्न शेवटी शासनानेच सोडवला. २०२२ साली महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी, देवनागरी पाटी बंधनकारक ठरली. चिरंजीवांनी गावातील जुन्या पेंटरांना बोलावून आणले. हे पेंटर म्हणजे डिजिटल फलकांच्या पुरात तरून राहिलेला एकांडा माणूस. त्यांनी पत्र्यावर खडूची दोरी झटकून रेषा मारली आणि खारीच्या केसांच्या कुंचल्याने वडिलांचे नाव लिहिले. पाटी वर चढली तेव्हा आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे होतो. वडिलांचे नाव कबरीवरच्या क्रुसाखेरीज अन्यत्र एवढ्या मोठ्या अक्षरांत आम्ही प्रथमच पाहत होतो. डोळे थोडे ओले झाले. सौ. जवळ उभ्या होत्या, म्हणून भट्टीच्या धुराकडे बोट दाखवून आम्ही वेळ निभावून नेली.

चिरंजीवांचे समाधान मात्र झाले नव्हते. रात्री जेवताना ते म्हणाले, “पप्पा, पाटी जागची हलत नाही. गिऱ्हाईक आता आपल्या रस्त्यावर येत नाही. आपणच त्याच्या रस्त्यावर गेले पाहिजे.”

आम्ही मान डोलावली. आम्हांला वाटले, एखादा टेम्पो घेण्याचा विचार असेल. टेम्पो ही उपयोगाची वस्तू आहे. आठवड्याने चिरंजीव दारात उभे राहिले ते एका पिवळ्या जरद, जमिनीसरपट, दोन माणसांच्या मोटारीतून. तिला धड छप्परही नव्हते. होते ते घडी घालून मागे सारलेले.

त्या मोटारीचे नाव सॅन स्टॉर्म. वाचकांपैकी फार थोड्यांनी ती पाहिली असेल. भारतात तयार झालेल्या मोजक्या स्पोर्ट्‌स गाड्यांपैकी ती एक. बांधणी आपल्या शेजारच्या गोव्यातील, इंजिन रेनॉ कंपनीचे, साधारण बाराशे सी. सी.चे आणि साठेक अश्वशक्तीचे. म्हणजे दिसायला चित्ता असली तरी ताकदीने ती घरगुती मोटारीच्या पंक्तीतलीच. तिची काया फायबरग्लासची. वसईच्या खाऱ्या वाऱ्यात पत्र्याच्या गाड्यांना गंज धरतो, तो या कायेला धरणार नाही, हा चिरंजीवांचा पहिला युक्तिवाद. दुसरा असा की, गाडी जुनी असून तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे पुढच्याच वर्षी संपत असल्यामुळे ती फार स्वस्तात मिळाली. आखातातून आणलेल्या शिलकीतला मोठा हिस्सा त्या ‘स्वस्तात’ गेला होता, हे आम्हांला नंतर समजले.

सौ.नी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, “हिच्यात केक कोठे ठेवायचा?”

चिरंजीव निरुत्तर झाले. त्या गाडीत तीन मजली केक सोडा, पावाची एक पेटीही नीट मावत नव्हती. बेकरीसाठी घेतलेली आणि बेकरीचा माल वाहू न शकणारी ती गाडी अंगणात उभी राहिली. गावातील मुले तिच्याभोवती जमली आणि मुलांच्या मागोमाग गाव जमले. चिरंजीव तेवढेच बोट धरून म्हणाले, “पाहिलेत? ही माल नेण्यासाठी नाही. माणसे आणण्यासाठी आहे.”

पुढचे काही दिवस आमच्या घरात मोटारींच्या इतिहासाचा वर्गच भरला. अमेरिकेत शिकागोला मांसाच्या दुकानापासून वाढलेल्या ऑस्कर मायर कंपनीसाठी संस्थापकाच्या पुतण्याने १९३६ साली चाकांवरचा तेरा फुटी सॉसेज बनवून रस्त्यावर फिरवला; त्याचे वंशज अजून फिरत आहेत. मोटारींच्या शर्यतीत इंग्रजांच्या गाड्या हिरव्या रंगाच्या असत. १९६८ साली लोटस संघाने तो हिरवा रंग उतरवून एका सिगारेटचे लाल, पांढरे व सोनेरी रंग चढवले आणि तेव्हापासून शर्यतीची मोटार म्हणजे धावता फलक होऊन बसली. १९७५ साली एर्व्हे पूलँ नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी आपली बीएमडब्ल्यू थोर शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांच्याकडून रंगवून घेतली. पूलँ यांचा व्यवसाय कलावस्तूंच्या लिलावाचा. लाल, पिवळ्या आणि निळ्या पट्ट्यांची ती गाडी शर्यत पूर्ण करू शकली नाही. त्या वर्षी शर्यत कोणी जिंकली हे सामान्य माणसाला आज आठवत नाही. पण हरलेली ती रंगीत गाडी मात्र लोक अजून पाहायला जातात.

हे ऐकून आम्ही म्हणालो, “आमच्या लहानपणी सिनेमावाले टांग्याला दोन्ही बाजूंनी चित्रांचे फलक बांधीत आणि आत बसलेला माणूस ताशा वाजवीत गावातून फिरे. पोरे मागे धावत. टांग्यातून रंगीत कागद उडवले जात. तुझ्या मोटारीत नवे ते काय?”

“तो टांगा तुम्हांला अजून आठवतो आहे, पप्पा,” चिरंजीव शांतपणे म्हणाले.

हा घाव वर्मी बसला.

गाडी सजवायची कशी, यावर घरात पुष्कळ खल झाला. प्रथम चिरंजीवांनी लोहचुंबकाच्या दोन पाट्या करून आणल्या. काम असेल तेव्हा दाराला चिकटवाव्यात आणि नसेल तेव्हा काढून ठेवाव्यात, अशी त्यांची योजना. त्यांनी पहिली पाटी दारावर दाबून धरली, हात काढला आणि पाटी पायावर पडली. दुसरीचेही तेच झाले. फायबरग्लासला चुंबक चिकटत नाही, ही गोष्ट गंज न धरण्याचे गुणगान करताना कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. सौ. त्या दिवशी पुष्कळ हसल्या. त्या पाट्या आता पिठाच्या लोखंडी पिंपावर विराजमान आहेत.

मग व्हिनाइलच्या छापील कागदाचा विचार झाला. हल्ली बहुतेक गाड्या त्यानेच सजवतात. पृष्ठभाग स्वच्छ पुसून घ्यायचा, उष्ण हवेच्या झोताने कागद मऊ करायचा, वळणावर ताणायचा आणि रबरी पट्टीने त्यातील हवा बाहेर ढकलायची. चार-पाच वर्षांत उन्हाने तो फिकटतो. मग सोलून नवा लावता येतो. चिरंजीवांचे मन त्याकडेच होते. त्यांनी संगणकावर नमुनाही तयार करून घेतला : तीन केक, दोन मेणबत्त्या, एक वधूवरांचे जोडपे, पदार्थांची यादी, तीन दूरध्वनी क्रमांक, आणि या सर्वांत दबून गेलेले दुकानाचे नाव, तेही रोमन लिपीत.

पेंटरकाकांना तो नमुना दाखवला. त्यांनी चष्मा वर सारला आणि विचारले, “गाडी किती वेगाने जाणार?”

“गावात चाळीस.”

“म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. रस्त्याकडेच्या माणसासमोर तुमचे दार किती वेळ राहील? दोन सेकंद, फार तर तीन. तेवढ्यात तो काय वाचील? एक नाव आणि एक शब्द. बाकीचा नुसता गोंधळ.” मग त्यांनी आपल्या धंद्यातला ठोकताळा सांगितला : एक इंच उंचीचे अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येते. चाळीस फुटांवरच्या माणसासाठी अक्षर चार इंचांचे हवे. दार ते केवढे. त्यावर चार इंची अक्षरांच्या दोनच ओळी मावतील.

लिपीचा वादही त्यांनीच मिटवला. गाडीच्या बाजूने पुढून मागे जाणाऱ्या एका उठावदार रेषेवर बोट फिरवीत ते म्हणाले, “ही तुमची शिरोरेषा. कारखान्यानेच आखून दिली आहे. आता अक्षरे तिला टांगायची, एवढेच माझे काम.”

चिरंजीव हसले आणि त्यांनी संगणकाचा नमुना घडी घालून खिशात ठेवला.

परवानगीचे काम चिरंजीवांनी स्वतः पायऱ्या झिजवून केले. मोटारीचा रंग नोंदणीपत्रावर लिहिलेला असतो. तो मनाला येईल तसा बदलता येत नाही. म्हणून मूळचा पिवळा तसाच ठेवून केवळ दारे आणि मागचा भाग रेखाटायचे ठरले. काचा आणि क्रमांकाच्या पाट्या यांना रंगाचा थेंबही लागू द्यायचा नव्हता. परिवहन कार्यालयात जाऊन त्यांनी जाहिरातीविषयी विचारणा केली आणि रीतसर अर्ज दिला. विम्याच्या कार्यालयाला पत्र लिहिले. हिशेबनीसांनी सांगितले की, गाडीचा घसारा वर्षाला १५ टक्के धरता येईल. पण घरच्या वापराचा वाटा त्यातून प्रामाणिकपणे वजा करावा लागेल. या कामात चिरंजीवांनी दाखवलेली चिकाटी पाहून आमचे मत थोडे बदलू लागले. हौशी माणूस एवढ्या रांगा लावीत नाही.

पेंटरकाकांनी आमच्या अंगणात सहा दिवस काम केले. बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून त्यांनी दारांचा गुळगुळीतपणा मोडला. नाहीतर रंग धरत नाही, असे ते म्हणाले. कागदावर नावाचा खाका काढून त्यांनी रेषांवर सुईने छिद्रे पाडली, तो दारावर लावला आणि कोळशाच्या पुडीने हलके थोपटला. कागद काढला तेव्हा दारावर नाव ठिपक्याठिपक्यांनी उमटले होते. मग गडद तांबड्या रंगात वडिलांचे नाव आणि त्याखाली एकच शब्द : ‘बेकरी’. मागच्या बाजूला त्यांनी गव्हाच्या दोन लोंब्या काढल्या आणि त्यांच्यामध्ये, आम्हांला न विचारता, एक छोटी सायकल. कॅरिअरवर पेटी असलेली. लहानपणी ते स्वतः त्या घंटीची वाट पाहत ओटीवर उभे राहत, हे त्यांनी तेव्हा सांगितले.

गाडी रस्त्यावर आली. पुढचे काही महिने आमच्या घरावर जणू जत्रा लोटली होती. शाळकरी मुले तिच्याशेजारी उभी राहून छायाचित्रे काढीत. कार्तिकात निर्मळच्या यात्रेच्या दिवसांत ती रस्त्याकडेला उभी केली, तेव्हा यात्रेकरू खेळणी पाहायची सोडून तिच्याभोवती थांबत. लग्नासाठी ती भाड्याने मिळेल का, अशी विचारणा सतत होई. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही, म्हणून चिरंजीव नम्रपणे नकार देत आणि केकचा दर मात्र आवर्जून सांगत. २०२३ साली नोंदणी संपली तेव्हा तपासणी होऊन ती आणखी पाच वर्षांसाठी वाढवून मिळाली.

चिरंजीवांनी गल्ल्यावर एक वही ठेवली होती. नवे गिऱ्हाईक आले की ते विचारीत, ‘आमच्याविषयी कोठून कळले?’ आणि उत्तर मांडून ठेवीत. पहिल्या तीन महिन्यांत गाडी पाहून आलेली गिऱ्हाइके होती एकोणीस. गंमत अशी की, त्यांतील चौदा जणांनी ती उभी असताना पाहिली होती. धावताना पाहणारे पाचच. वेगासाठी बांधलेल्या गाडीने सर्वांत अधिक काम केले ते एका जागी स्वस्थ उभे राहून! हे कळताच चिरंजीवांनी पेट्रोल वाचवले आणि गाडी बाजाराच्या, सणाच्या व लग्नघरांच्या आसपास आगाऊ परवानगी घेऊन उभी करू लागले. कर्जाचे हप्ते पुन्हा वेळेवर जाऊ लागले. तेवढ्याने आमची काही भरभराट झाली नाही. पण महिनाअखेरीस सौ.ना बांगड्यांकडे पाहावे लागेनासे झाले.

येथपर्यंतची कथा सुखाची आहे. आता जे सांगायचे ते सांगण्यास आम्हांला बरेच दिवस लागले.

त्याच वर्षीचा जुलै महिना. चिरंजीव मैदा आणि लोणी यांच्या खरेदीसाठी मुंबईला गेले होते. शेजारच्या एका सभागृहात संध्याकाळी लग्नाचा स्वागतसमारंभ होता. केक दुपारीच टेम्पोने गेला होता. पण त्याच्या माथ्यावर ठेवायची साखरेची फुले मागे राहिली. दूरध्वनीवर दूरध्वनी येऊ लागले. फुलांचा डबा लहान होता. आम्ही खिळ्यावरची किल्ली घेतली.

खरे सांगायचे तर रिक्षाही मिळाली असती. पण पाऊस नुकताच थांबला होता, हवा स्वच्छ होती आणि ती पिवळी गाडी अंगणात उभी होती. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आम्ही त्या बुटक्या आसनात उतरलो आणि छप्पर मागे सारले. रस्त्याने माणसे वळून पाहू लागली. एका मुलाने हात हलवला, आम्हीही हलवला. ज्या दिमाखाची आम्ही वर्षभर थट्टा केली, तो आमच्याच अंगात कसा शिरला ते समजले नाही. फुले वेळेत पोहोचली पाहिजेत, ही सबब मनाशी होतीच. पाय थोडा अधिक दाबला गेला.

शेजारच्या गावच्या दफनभूमीजवळ रस्ता अरुंद आहे आणि वळणावर पाणी साचते. दफनविधी आटोपून काळ्या छत्र्या मिटवीत माणसे कडेने परत येत होती. आम्हांला ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. गाडी जमिनीलगतची, चाके रुंद. पाण्याची एक भिंतच उठली आणि त्या माणसांवर कोसळली.

आम्ही थांबलो नाही. घाई हे त्याचे अर्धे कारण. उरलेले अर्धे म्हणजे लाज. त्या माणसांसमोर, त्या गाडीतून, त्या वयात उतरण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. घरी परतून आम्ही गाडी धुतली आणि किल्ली खिळ्याला टांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक वृद्ध गृहस्थ दुकानात आले. वय ऐंशीच्या पुढचे, हातात काठी. आदल्या दिवशी त्यांच्या पत्नीचे दफन झाले होते. गल्ल्यावर चिरंजीव, मागे भट्टीजवळ आम्ही. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरे झाले असते. आमच्याकडे पाहून ते म्हणाले, “तुझ्या बापाचे नाव मी काल वाचले. डोळ्यांतला चिखल पुसला आणि पहिले तेच दिसले.”

मग त्यांची नजर चिरंजीवांकडे वळली. गाडी कोणाची हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. ती कोण चालवतो हेही ठाऊक. चिरंजीव क्षणभर गोंधळले. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिले. आमची मान खाली होती. ते उठले आणि हात जोडून म्हणाले, “चुकलो, आजोबा. क्षमा करा.”

वृद्ध गृहस्थ निघून गेले. आम्ही पावांचे पत्रे भट्टीतून ओढत राहिलो. तो सारा दिवस आम्ही बोललो नाही. अपराध एका क्षणात घडला होता. पण हे मौन आम्ही तासातासाने स्वतः रचीत होतो.

रात्री जेवण झाल्यावर आम्ही चिरंजीवांना म्हणालो, “काल गाडी...”

“मला ठाऊक आहे, पप्पा. किल्ली खिळ्यावर उलटी टांगली होती.”

“मग तू क्षमा का मागितलीस?”

ते जरा वेळाने म्हणाले, “दारावर नाव आहे ना? ते तुमचेही आहे आणि माझेही. कोणी तरी मागायलाच हवी होती.”

पहाटेची पहिली खेप निघताच आम्ही पावाची पुडी घेऊन पायी निघालो. दोन गावे ओलांडून त्या घरी पोहोचलो तेव्हा उजाडत होते. वृद्ध गृहस्थ ओटीवरच बसलेले होते. आम्ही पुडी ठेवली आणि जे घडले ते सांगितले : गाडी मुलगा नव्हे, आम्ही चालवीत होतो, आम्ही पाहिले होते, थांबलो नाही, आणि काल मुलाला आमच्या वाट्याची क्षमा मागू दिली.

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “तुझा बाप मयताच्या घरासमोर घंटी वाजवीत नसे.”

“होय.”

“मग तू एवढी मोठी घंटी घेतलीस ती कशासाठी?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांनीच पाव मोडला आणि अर्धा आमच्या हातावर ठेवला.

परत येताना आम्ही थेट पेंटरकाकांकडे गेलो आणि दारावरचे नाव पुसून टाकण्यास सांगितले. केक काढा, फुले काढा, काय वाटेल ते काढा; वडिलांचे नाव तेथे नको. पेंटरकाकांनी आमचे सारे ऐकून घेतले.

“पुसायला अर्धा तास लागेल,” ते म्हणाले. “पण एक सांगा. नाव नसते तर काल ते गृहस्थ कोणाच्या दारी आले असते?”

त्या प्रश्नासमोर आम्ही थबकलो. रस्त्याने रोज हजारो गाड्या जातात. चिखल उडवतात आणि निघून जातात. त्यांचा क्रमांक टिपायला कोणाला सुचत नाही आणि टिपला तरी जायचे कोठे? आमच्या गाडीवर नाव होते म्हणून एका दुःखी माणसाला आपला शब्द ऐकवायला एक दार सापडले. लोकांनी आपल्याकडे यावे म्हणून आम्ही ते नाव रंगवले होते. लोक आले म्हणजे नुसते केक मागायला येतील, असा करार कोणी केला नव्हता.

वडिलांना पाटीची गरज नव्हती, कारण ते स्वतःच सायकलवर बसलेले असत. माणूस दिसे, म्हणून नाव लिहावे लागत नसे. आम्ही माणूस लपवून नाव तेवढे पुढे केले होते.

नाव तसेच राहिले. मात्र पेंटरकाकांकडून आम्ही मागच्या बाजूस, सायकलच्या खाली, एक ओळ लिहून घेतली : ‘ही गाडी वेगात दिसल्यास दुकानात येऊन सांगावे.’ दोन ओळींहून अधिक लिहू नये हा त्यांचा नियम त्यांनी आमच्यासाठी मोडला. चिरंजीव म्हणाले की, जाहिरातीच्या शास्त्रात हे बसत नाही. पण त्यांनीही ती ओळ पुसली नाही. पहिल्या वर्षी तीन जण सांगायला आले. दोघांची तक्रार खरी होती. तिसऱ्याने सांगितले की, गाडी फारच हळू चालते आणि मागच्यांचा खोळंबा होतो.

त्या वर्षीच्या नाताळाआधी ते वृद्ध गृहस्थ पुन्हा दुकानात आले. बरोबर नात होती. तिला प्लम केक हवा होता. नात दुकानात प्रथमच आलेली, म्हणून चिरंजीवांनी सवयीने वही उघडली आणि विचारले, “आमच्याविषयी कोठून कळले?” विचारल्यावर ते स्वतःच ओशाळले. बाहेर पिवळी गाडी उभी होती. तिचा रंग आता थोडा उतरला आहे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी अक्षरांवरून पुन्हा कुंचला फिरवावा लागतो.

नात काही बोलण्यापूर्वी आजोबाच म्हणाले, “लिही : सायकलच्या घंटीवरून.”

चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले आणि तसे लिहिले.